कंपाउंडमधला चॅप्लिन : वसाहतकाळातले आफ्रिकी प्रेक्षक आणि विनोदी चित्रपट

सांजवेळ (धागाकर्ती)

मार्च १९२२. जोहान्सबर्गच्या आसपासच्या सोन्याच्या खाणींवर गोऱ्या कामगारांचा संप चिघळला होता. मालकांना गोऱ्यांच्या काही जागांवर कमी मजुरीत काळे कामगार लावायचे होते, भांडण त्यावरून. संपाचे बंड झाले, दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांच्या सरकारने तोफा आणि विमाने आणून ते मोडले, दोनशेच्या आसपास माणसे मेली. त्या धुमाळीत संपकऱ्यांच्या टोळ्यांनी काळ्या माणसांवर हल्ले केले. काळे खाणकामगार कंपाउंडमध्ये राहत. चहूबाजूंनी भिंत, एक फाटक, आणि कराराची मुदत संपेपर्यंत तिथेच मुक्काम. न्यू प्रिमरोज खाणीच्या अशाच एका कंपाउंडवर हल्ला झाला आणि आतले कामगार उलट वार करायच्या तयारीत उभे राहिले.

तिथे रे फिलिप्स हा अमेरिकन मिशनरी प्रोजेक्टर घेऊन पोहोचला. पडदा लागला, चार्ली चॅप्लिन आला. फिलिप्सने १९३० साली लिहिलेल्या पुस्तकात हा प्रसंग आहे. लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि त्या रात्री न्यू प्रिमरोजला खून पडला नाही, असे तो सांगतो.

सिनेमाच्या इतिहासात हा प्रसंग बहुतेक वेळा चमत्कारासारखा सांगितला जातो. मला त्यात वेगळेच काही दिसते. त्या कामगारांना चॅप्लिन नवा नव्हता. खाणींवर सिनेमा दाखवायला फिलिप्सने त्याआधीच सुरुवात केली होती आणि कामगारांनी चॅप्लिनला आपल्या भाषेत 'दारुड्या' असे लाडके नाव देऊन टाकले होते. म्हणजे पडद्यावर आला तो ओळखीचा माणूस. फाटका, भुकेला, शिपाई दिसला की पळणारा आणि संधी मिळाली की त्याच शिपायाच्या पेकाटात लाथ घालणारा. खिशात पास, म्हणजे काळ्यांना सक्तीचा असलेला परवाना, नसेल तर अटक होते अशा शहरात राहणाऱ्या माणसाला हा विनोद कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खाणमालकांनी मात्र यातून आपल्या सोयीचा धडा घेतला. चेंबर ऑफ माइन्स या खाणमालकांच्या संघटनेच्या पाठबळाने कंपाउंडांमधून सिनेमाचे खेळ पसरले. कामगारांची रिकामी वेळ 'सुधारायची', दारू आणि चळवळ या दोन्हींपासून त्यांना लांब ठेवायचे, हा उद्देश उघड सांगितलेला होता. चित्रपट आधी तपासले जात, नको ती दृश्ये कापली जात.

आता उत्तरेकडे, ब्रिटिश वसाहतींकडे. १९२९ मध्ये जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली पूर्व आफ्रिकेत फिरला तेव्हा त्याच्याकडे लोकांना सिनेमा दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवण्याचे काम होते. त्यानंतर टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, 'बांटू एज्युकेशनल किनेमा एक्सपेरिमेंट' हा प्रकल्प निघाला. पैसा कार्नेगी कॉर्पोरेशनचा, तळ उसांबारा डोंगरातल्या वुगिरी गावी, चालक नॉटकट आणि लॅथम. १९३५ ते १९३७ या काळात त्यांनी ३५ च्या आसपास छोटे चित्रपट केले आणि लॉरीवरून गावोगाव दाखवले. विषय पोस्टातली बचत, कर, शेती, आरोग्य. आवाज वेगळ्या तबकड्यांवर असायचा, म्हणजे चित्र तेच ठेवून प्रदेशाप्रमाणे भाषा बदलता येई.

या सगळ्यांत सर्वांत जास्त प्रभाव पडला तो विल्यम सेलर्सचा. हा नायजेरियातला आरोग्य खात्याचा अधिकारी. लागोसमधल्या प्लेगच्या मोहिमेसाठी त्याने चित्रपट केले आणि त्यातून एक सिद्धांत बांधला. आफ्रिकी माणसाचा डोळा पडद्याला सरावलेला नाही, म्हणून चित्रपट संथ हवा. दृश्य लांब हवे, कॅमेरा फार हलवू नये, झटपट कट नकोत, जवळून घेतलेली दृश्ये जपून वापरावीत, पार्श्वभूमीला फालतू काही दिसू नये. १९३९ मध्ये कलोनियल फिल्म युनिट स्थापन झाले, सेलर्स त्याचा प्रमुख झाला आणि हा सिद्धांत सरकारी धोरण बनला. युनिट १९५५ पर्यंत चालले.

मला ज्या गोष्टीवर बोलायचे आहे ती इथे आहे. संथ, एकही धक्का नसलेले आरोग्यपट दाखवणाऱ्या याच फिरत्या गाड्या लोकांनी शेवटपर्यंत बसावे म्हणून चॅप्लिनचे जुने छोटे चित्रपटही दाखवत. आणि चॅप्लिनच्या त्या चित्रपटांत काय असते? पाठलाग, पडापड, क्षणात बदलणारी जागा, चेहऱ्यावरचा सूक्ष्म बदल. जो प्रेक्षक झटपट कट समजू शकत नाही असे अहवालात लिहिले जात होते, तोच प्रेक्षक चॅप्लिनला नेमक्या जागी हसत होता. पुरावा दर खेळाला समोर बसलेला होता. तरी सिद्धांत वर्षानुवर्षे टिकला, कारण त्याचा आधार निरीक्षण हा नव्हताच. 'यांना अजून बरेच शिकवायचे आहे' हे सिद्ध झाले नाही तर साहेबाने तिथे असण्याचे कारणच उरत नव्हते.

सगळ्यांनी लिहा. विशेषतः ज्यांचा आफ्रिकेशी संबंध आहे त्यांनी.

---

रानजाई

उत्तम धागा. त्या डासाच्या गोष्टीबद्दल लिही ना. मलेरियाच्या चित्रपटात पडदाभर डास दाखवला आणि गावकरी म्हणाले, "आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत, आम्हाला भीती नाही." आमच्या कॉलेजात जनसंपर्काच्या तासाला ही शिकवली होती, अगदी खरी घटना म्हणून.

---

सांजवेळ

रानजाई, ही गोष्ट आफ्रिकेतल्या इतक्या वेगवेगळ्या वसाहतींच्या नावावर सांगितली गेली आहे की ती एका जागी घडलेली घटना म्हणून धरताच येत नाही. अधिकाऱ्यांच्या गप्पांत फिरत फिरत ती पक्की झाली. जेम्स बर्न्स या इतिहासकाराने अशा किश्शांचा चांगला माग काढला आहे.

दुसरा किस्सा कोंबडीचा. स्वच्छतेवरचा चित्रपट दाखवल्यावर काय पाहिले असे विचारले, तर लोक म्हणाले कोंबडी पाहिली. चित्रपट करणाऱ्यांनाच माहीत नव्हते की त्यात कोंबडी आहे, नंतर फिल्म तपासली तेव्हा एका कोपऱ्यातून क्षणभर ती उडताना सापडली. माध्यमांचा अभ्यासक मार्शल मॅक्लुहानने १९६२ च्या पुस्तकात हा किस्सा घेतला आणि तो जगभर गेला, 'निरक्षर माणसाला चौकट दिसत नाही' याचे उदाहरण म्हणून. मला तर यात तीक्ष्ण नजर दिसते. ज्यांनी फिल्म बनवली त्यांच्या डोळ्यांतून सुटलेली गोष्ट या लोकांनी पहिल्या खेळात टिपली. शिवाय साहेब नाली साफ करायला सांगत असताना एकमेव जिवंत, अनपेक्षित हालचाल कोंबडीचीच असेल, तर लक्ष तिकडेच जाणार.

---

कातळ

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर असहमत आहे. हसण्यात बंडखोरी शोधायची आपल्याला फार हौस असते. न्यू प्रिमरोजमध्ये जे झाले ते सरळ आहे. माणसे चिडली होती, त्यांच्यावर हल्ला झाला होता, त्यांचा राग न्याय्य होता. त्यांना हसवून शांत केले गेले. फायदा कोणाचा? खाणीचा. दुसऱ्या दिवशी काम सुरू ठेवायला माणसे जिवंत आणि शांत हवी होती. चॅप्लिन शिपायाला लाथ घालतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनातली लाथ तिथेच खर्च होते. पडद्याबाहेर शिपाई तसाच उभा असतो. मालकांना हे नीट कळत होते म्हणून तर ते पैसे देत होते.

---

सांजवेळ

कातळ, मालकांचा हिशेब तुम्ही म्हणता तसाच होता, त्याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की तो हिशेब जुळला का. उत्तर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झांबियातल्या तांब्याच्या खाणी पाहा. तिथेही कंपाउंडात सिनेमा दाखवत. १९३५ मध्ये तिथे आफ्रिकी कामगारांचा मोठा संप झाला, लुआन्शाच्या रोन अँटिलोप खाणीवर पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार मेले. १९४० मध्ये पुन्हा संप, पुन्हा गोळीबार. पडद्याकडे पाहून हसलेला माणूस संपावर जायचा राहिला नाही.

आणि न्यू प्रिमरोजच्या रात्री हसण्याने कामगारांचेही जीव वाचले. भिंतीबाहेर बंदुका होत्या. तिथे हसून झोपायला जाणे हा पराभव आहे असे मी तरी म्हणणार नाही.

---

कातळ

१९३५ चे उदाहरण पटले. पण मग उलटेही म्हणावे लागेल की संप सिनेमामुळे झाला नाही. तो करवाढीमुळे झाला. सिनेमाला फार श्रेय देऊ नये, ना शांततेचे ना बंडाचे. खेळ बघताना लोक काय बोलत, त्यावर कुणी काही नोंदवले आहे का? ते वाचायला आवडेल.

---

सांजवेळ

आहे, आणि तोच या विषयातला सगळ्यात श्रीमंत भाग आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हॉर्टेन्स पावडरमेकर १९५३-५४ मध्ये लुआन्शात राहिली. त्याआधी तिने हॉलिवूडमधल्या लोकांचा अभ्यास केला होता, म्हणजे चित्रपट बनवणारे आणि बघणारे असे दोन्ही टोकांचे लोक तिने जवळून पाहिले. उघड्या मैदानातल्या खेळांना ती माणसे बरोबर घेऊन जायची आणि लोक काय ओरडतात, काय कुजबुजतात, घरी जाऊन काय सांगतात, ते टिपून घ्यायची. तिथे शांत बसून चित्रपट बघणे हा प्रकारच नव्हता. लोक उभे राहत, नायकाला सूचना देत, शेजाऱ्याशी वाद घालत, ठोसा बसला की हजारो आवाज एकदम उठत. मुले दुसऱ्या दिवशी गल्लीत काउबॉय खेळत. सेन्सॉरने कथेतले तुकडे असे कापलेले असत की गोष्ट कळणे अवघड, पण लोक ती भर आपापसात बोलून घालत.

बातमीपट आणि सरकारी चित्रपटांच्या वेळी हेच प्रेक्षक शंकेखोर होत. हे आपल्याला का दाखवताहेत, यामागे काय आहे, असे प्रश्न विचारत. दोन्ही ऱ्होडेशिया आणि न्यासालँड एकत्र बांधणारे मध्य आफ्रिकेचे फेडरेशन १९५३ मध्ये लादले गेले होते, गोऱ्यांना आपली जमीन हवी आहे ही भीती सगळीकडे होती, त्यामुळे सरकारच्या पडद्यावर विश्वास कोण ठेवणार? विनोदाला आणि काउबॉयला मात्र त्यांनी आपले मानले.

त्याच सुमारास पीटर मॉर्टन-विल्यम्स याने नायजेरियाच्या खेड्यांत प्रेक्षकांचा अभ्यास केला. त्यालाही आढळले की चित्रांची भाषा समजण्यात लोकांना विशेष अडचण नव्हती. चित्रपटात जे सांगितले ते त्यांच्या जगण्याशी, समजुतींशी जुळते का, यावर सगळे ठरत होते. सेलर्सच्या सिद्धांताला इतके साधे उत्तर.

---

मचवा

नोकरीनिमित्त दार-एस-सलामला राहिलो आहे, म्हणून टांगानिकाबद्दल भर घालतो.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीकडून स्वाहिलीत कथापट करून घेतले. त्यातला 'मुहोगो म्चुंगू', म्हणजे कडू कसावा, १९५२ च्या सुमाराचा. खेड्यातला भाबडा माणूस शहरात येतो आणि त्याची फजिती होत जाते. सरकारला यातून सांगायचे होते की बाबांनो, गावातच राहा, शहरात गर्दी करू नका. प्रेक्षकांनी पाहिले ते वेगळेच. आपली भाषा, आपले रस्ते, आपल्यासारखी माणसे पडद्यावर.

आणि या चित्रपटात मुख्य काम करणारा तरुण कोण? रशिदी कवावा. सरकारी समाजविकास खात्यात नोकरीला होते. पुढे कामगार संघटनेचे नेते झाले, स्वातंत्र्यलढ्याचे नेते ज्युलियस न्येरेरे यांच्या बरोबर लढ्यात आले आणि जानेवारी १९६२ मध्ये न्येरेरेंनी पंतप्रधानपद सोडले तेव्हा देशाचे पंतप्रधान झाले. सरकारच्या चित्रपटात काम केलेला नट दहा वर्षांत त्याच सरकारच्या जागी बसला. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कवावांचे नाव काढले की राजकारणाआधी सिनेमा आठवतो, हे मी स्वतः ऐकले आहे.

---

रानजाई

मचवाकाका, हे कवावांचे अजिबात माहीत नव्हते. फार सुंदर!

---

लोणारी

'गावचा माणूस शहरात' हा साचा सगळीकडे दिसतो. सॉल्सबरीला, म्हणजे आताच्या हरारेला, १९४८ मध्ये सेंट्रल आफ्रिकन फिल्म युनिट निघाले, त्यांच्या विनोदी चित्रपटांतही हेच. शहरातले शिकलेले आफ्रिकी लोक यावर चिडत. चित्रपटात मूर्ख ठरणारा नेहमी काळाच का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. गोरा अधिकारी घसरून पडलेला त्या चित्रपटांत कधी दिसायचा नाही. म्हणून चॅप्लिन किंवा लॉरेल-हार्डी यांना तिथे जास्त मोल. तिथे पडणारा, चिखलात लोळणारा, टोपी उडालेला माणूस गोरा असतो. राज्यकर्त्यांना 'गोऱ्यांची प्रतिष्ठा' एवढी जपायची होती की चुंबन, गुन्हा, गोऱ्या बाईचे उघडे खांदे सगळे कापत, पण पार्श्वभागावर पडणारा गोरा माणूस मात्र निरुपद्रवी म्हणून सोडून देत. कात्री लावणाऱ्यांना विनोदाची ताकद कळली नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

---

सांजवेळ

लोणारी, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे.

बेल्जियन कांगोतही आफ्रिकी लोकांनी कुठले चित्रपट बघायचे ते सरकार ठरवत असे, १९४५ पासून त्यासाठी वेगळा हुकूम होता. तिथे कथापट बनवण्याचे काम बरेचसे मिशनऱ्यांनी केले. लुलुआबुर्गच्या, आजच्या कनांगाच्या, फादर व्हान हाल्स्ट यांनी १९५० च्या दशकात 'मातामाता आणि पिलिपिली' ही जोडी पडद्यावर आणली. एक जाडा, एक बारका, थेट लॉरेल-हार्डीच्या वळणाची. प्रत्येक छोट्या चित्रपटाच्या शेवटी बोध असायचा. पण जोडी लोकप्रिय झाली ती त्या दोन कांगोली नटांच्या अंगात विनोद होता म्हणून. बोध पाद्र्याचा, विनोद त्यांचा. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या तर त्या काळातल्या कितीतरी चित्रपटांना न्याय मिळेल.

---

जुनापाणी

दक्षिण आफ्रिकेतल्या स्वतः प्रेक्षक असलेल्यांनी लिहून ठेवले आहे, ते साहेबांच्या अहवालांइतकेच वाचले पाहिजे. लेखक एस्किया म्फाहलेले प्रिटोरियाच्या मराबास्टाडमध्ये वाढले. मूकपटांच्या काळात ते लहानपणी पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवत, कारण बरोबरच्या मुलांना वाचता येत नसे. लेखक ब्लोक मोडिसाने यांनी जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन या काळ्यांच्या वस्तीतल्या ओडियन थिएटरचे... नव्हे, 'ओडिन' थिएटरचे वर्णन केले आहे. बाराशे खुर्च्यांचे थिएटर, आणि तिथली पोरे आवडत्या खलनायकाचे संवाद, चालणे, सफरचंद खाण्याची ढब सगळे उचलायची.

१९५१ चा 'द मॅजिक गार्डन' हा डोनाल्ड स्वानसनचा विनोदी चित्रपट अलेक्झांड्रा वस्तीत घडतो. चर्चमधले चाळीस पौंड चोरीला जातात, चोर पळताना ते पैसे हातोहात फिरत राहतात आणि ज्याच्या हाती पडतात त्याची एखादी नड भागते. गायिका-नटी डॉली राथेबे त्यात आहे आणि विलार्ड सेलेची पेनीव्हिसल, म्हणजे छोटी पत्र्याची बासरी. दिग्दर्शक गोरा, पण विनोद गरिबीतल्या माणसांच्या बाजूने उभा आहे. ज्या सोफियाटाउनमध्ये ओडिन होते ती वस्ती सरकारने १९५५ पासून बुलडोझर लावून उठवली. अख्खा प्रेक्षकवर्ग ट्रकमध्ये भरून मेडोलँड्सला नेला. चित्रपटाच्या इतिहासात याची नोंद थिएटर बंद पडले एवढीच होते, ते मला फार लागते.

---

आडवाट

अवांतर होईल, पण संबंध आहे. आपल्याकडे १९२७-२८ मध्ये सिनेमाच्या चौकशीसाठी रंगाचारियार समिती नेमली गेली तेव्हाही सरकारच्या मनात हीच काळजी होती की परदेशी चित्रपट बघून 'नेटिव्ह' प्रेक्षकाच्या मनातली गोऱ्यांची प्रतिमा खाली येते का. दादासाहेब फाळक्यांनी या समितीपुढे साक्ष दिली. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की तोपर्यंत आपल्याकडे भारतीयांनी बनवलेले चित्रपट होते. फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपट १९१४ मध्येच केला होता. आफ्रिकेतल्या बहुतेक वसाहतींत तिथल्या लोकांना कॅमेरा हातात घ्यायची संधीच फारशी मिळत नव्हती. फ्रेंच वसाहतींत १९३४ च्या लाव्हाल हुकुमानुसार चित्रीकरणालाच सरकारी परवानगी लागत असे. त्यामुळे तिथल्या लोकांना विनोद पडद्यावर करता आला नाही, त्यांनी तो पडद्यासमोर केला.

---

मचवा

आडवाट, शेवटचे वाक्य अगदी बरोबर.

झांझिबारचेही सांगतो. तिथली थिएटरे बहुतेक गुजराती मंडळींची, रॉयल थिएटर १९२१ चे. हॉलिवूड, इजिप्तचे आणि आपले चित्रपट सगळे लागत. 'आवारा' तिथे प्रचंड चालला. तो फाटक्या कपड्यांतला भटक्या चॅप्लिनवरूनच आलेला, आता हिंदी बोलत होता आणि समोर बसलेल्यांना हिंदी येत नव्हते. तरी लोकांनी गाणी पाठ केली. बायकांसाठी वेगळे खेळ असत. नटूनथटून, मैत्रिणींबरोबर, लेकरे घेऊन. दंगा, हसणे, रडणे सगळे मोकळेपणाने. मॅजेस्टिक थिएटरची इमारत स्टोन टाउनमध्ये पाहिली, पार पडझड झाली आहे. तिची डागडुजी व्हावी असे मनापासून वाटते.

---

पानकळा

घाना, म्हणजे तेव्हाचा गोल्ड कोस्ट, राहिला. तिथे सिनेमातला विनोद थेट रंगमंचावर उतरला. १९३० मध्ये इश्माएल 'बॉब' जॉन्सनने आपली तीन जणांची मंडळी काढली. चॅप्लिनच्या हालचाली, अमेरिकन बोलपटांतली गाणी, आणि त्यात लोककथांतल्या अनान्सी या जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या गोष्टींमधला लबाडपणा. याला तिथे कॉन्सर्ट पार्टी म्हणतात. आधी किनाऱ्यावरच्या शहरांतल्या शिकलेल्या लोकांची करमणूक होती, बॉबने ती खेड्यापाड्यांत नेली. पुढे ॲक्सिम ट्रिओ या मंडळीने स्वातंत्र्यलढ्याचे नेते न्क्रुमा यांच्या बाजूने नाटके केली. सरकारच्या गोल्ड कोस्ट फिल्म युनिटनेही १९५५ मध्ये 'मिस्टर मेन्सा बिल्ड्स अ हाउस' हा विनोदी चित्रपट घरकर्जाच्या योजनेसाठी केला, म्हणजे तोपर्यंत साहेबालाही कळले होते की उपदेश ऐकवायचा तर आधी इथल्या लोकांना इथल्या पद्धतीने हसवावे लागते. सेलर्सच्या संथ चित्रपटापासून इथवर यायला त्यांना वीस वर्षे लागली.

---

कातळ

पानकळा, हे उदाहरण माझ्या मूळ आक्षेपाला सगळ्यात चांगले उत्तर आहे. हसणे खर्च झाले नाही, ते साठले आणि नाटकात गेले. न्क्रुमांपर्यंत पोहोचले. मान्य.

यातले काही चित्रपट आज बघायला मिळतात का?

---

सांजवेळ

मिळतात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, इम्पीरियल वॉर म्युझियम आणि लंडनच्या विद्यापीठांनी मिळून ब्रिटिश वसाहतींतल्या चित्रपटांची एक मोठी सूची जालावर ठेवली आहे. प्रत्येक चित्रपटाची माहिती, बऱ्याच ठिकाणी अभ्यासकांचे टिपण, आणि काही चित्रपट पूर्ण बघता येतात. सुरुवात कलोनियल फिल्म युनिटच्या १९४० च्या 'मिस्टर इंग्लिश ॲट होम' पासून करा आणि लगेच नंतर चॅप्लिनचा १९१६-१७ मधला कुठलाही छोटा चित्रपट लावा. दोन्ही पाठोपाठ, त्या गाड्यांवर लागत तसे. मग इथे येऊन लिहा.